रजोनिवृत्ती आणि स्वेच्छानिवृत्ती: मी घाई करते आहे का?

ताळेबंद

नमस्कार. मी ४८ वर्षांची असून गेली २२ वर्षे लेखा विभागात काम करते. त्यांतली शेवटची सहा वर्षे विभागप्रमुख या नात्याने. दीड वर्षापासून माझी पाळी बिघडली आहे. कधी दोन-अडीच महिने येत नाही आणि आली की दहा-दहा दिवस थांबण्याचे नाव घेत नाही. रात्री दोन-तीन वेळा छातीपासून कपाळापर्यंत गरम वाफा चढल्यासारखे होते, अंग घामाने भिजते, पाच मिनिटांत तेच अंग गार पडते आणि त्यानंतर पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. हे सारे घरात होते तोवर मी निभावून नेत होते. आता ते कार्यालयात येऊ लागले आहे.

गेल्या महिन्यातला एक प्रसंग सांगते. लेखापरीक्षकांसमोर मालमत्तेची नोंदवही उघडून मी एकेका रकान्यावर बोट ठेवत समजावून सांगत होते आणि एका रकान्यापाशी येऊन अडकले. 'घसारा' हा शब्द मला आठवेना. हा शब्द मी २२ वर्षे रोज उच्चारला असेल. रकाना समोर होता, आकडे समोर होते, त्यांचा अर्थ लख्ख कळत होता, पण शब्द जागेवर नव्हता. 'ते, आपण दरवर्षी वजा करतो ते,' असे मी म्हणाले आणि माझ्या निम्म्या वयाच्या मुलाने तो शब्द मला पुरवला. नेमक्या त्याच क्षणी मानेवरून घामाची धार उतरली. कोणी हसले नाही, कोणी काही बोलले नाही, तरी त्या दिवसापासून बैठकीला जाण्याआधी मी नेहमीचेच शब्द कागदावर लिहून नेते.

आमच्याकडे सध्या स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर झाली आहे. अर्ज भरून मी ड्रॉवरमध्ये ठेवला आहे आणि मुदत या महिनाअखेरपर्यंत आहे. चुका होऊन नाचक्की होण्यापेक्षा मानाने बाहेर पडावे, असे एक मन म्हणते. दुसरे मन विचारते की हा त्रास दोन वर्षांत संपणार असेल, तर उरलेल्या दहा-बारा वर्षांच्या कामावर पाणी का सोडावे? या टप्प्यातून गेलेल्या स्त्रियांनी आपल्या कामाचे काय केले, त्रास किती काळ टिकला आणि वरिष्ठांना सांगितले की नाही, हे कृपया मोकळेपणाने लिहावे. माझे वरिष्ठ पुरुष आहेत आणि माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, हेही सांगून ठेवते.

रात्रपाळी

ताळेबंदताई, मी रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्या कामात 'पाळी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि एक पाळी बेभरवशाची झाली की दुसरी सांभाळणे किती अवघड होते, ते मी ४६ ते ५० या चार वर्षांत पुरेपूर अनुभवले.

तुमचा मजकूर वाचताना माझी नजर 'घसारा'पाशी अडली नाही. ती दहा दिवसांच्या रक्तस्रावापाशी अडली, जो तुम्ही एका वाक्यात सांगून पुढे निघून गेलात. मीही असेच करत होते. वाफा आणि घाम यांविषयी सगळ्या बोलतात, पण कामाच्या जागी मला सर्वांत जास्त छळले ते अंगावरून जाण्याने. रुग्णाला रक्त चढवणे सुरू असताना खाटेजवळून हलता येत नाही आणि हातात दुसऱ्याचे रक्त असताना आपले कुठवर आले असेल, याचा हिशेब डोक्यात चालू असतो. पांढरा गणवेश असेल तर विचारूच नका. मी कपाटात गणवेशाचा दुसरा जोड ठेवत असे, सलग दोन तास बसावे लागेल अशी प्रशिक्षणे टाळत असे, आणि एका पदोन्नतीची मुलाखत मी 'बरे नाही' म्हणून चुकवली, कारण तो चौथा दिवस होता. मुलाखत पुढे ढकलता येते का, हे मी विचारलेसुद्धा नाही.

जिने चढताना धाप लागणे, डोके जड राहणे, वाचलेले लक्षात न राहणे हे सगळे मी वयाच्या खाती टाकले होते. शेवटी एका सहकारी डॉक्टरबाईंनी बळेच रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन ८ निघाले आणि शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपला होता. लोह भरून काढल्यावर आणि रक्तस्रावावर उपचार झाल्यावर माझे निम्मे 'विसरभोळेपण' गेले. बाकीचे निम्मे झोपेच्या वाट्याचे होते आणि त्यावर मला रात्रपाळ्या सलग न देता विखरून देण्याचा उपाय लागू पडला. तो मिळवण्यासाठी तीन अर्ज करावे लागले.

एक काम आजपासून करा. छोट्या वहीत रोज चार गोष्टी टिपा: रात्री किती वेळा जाग आली, दिवसा किती वेळा वाफा आल्या आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात, रक्तस्राव किती झाला, आणि कामात नेमकी कोणती चूक झाली. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. मी भरला तेव्हा सहा आठवड्यांत खरी चूक एकच सापडली. उरलेल्या सगळ्या, होतील म्हणून धास्तावलेल्या होत्या. आकड्यांशी तुमची ओळख माझ्याहून जुनी आहे, त्यामुळे ही वही तुम्हाला जड जाणार नाही.

सरळरेषा

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही. माझी पाळी ५१व्या वर्षी गेली. तीन-चार महिने थोडे उकडल्यासारखे झाले, त्यापलीकडे काही नाही. माझ्या ओळखीतल्या अनेकींचा अनुभव असाच आहे, पण त्या अशा चर्चांत लिहायला येत नाहीत, त्यामुळे येथे वाचणारीला वाटते की पंचेचाळिशीनंतर प्रत्येक स्त्रीचे काम कोलमडतेच. मला भीती ही वाटते की या गोष्टी कार्यालयात जितक्या बोलल्या जातील, तितके नेमणूक करणारे लोक चाळिशी ओलांडलेल्या स्त्रीकडे संशयाने पाहतील. आधी गरोदरपणाचे कारण देऊन डावलत होते, आता याचे देतील. त्यामुळे उपचार अवश्य घ्यावेत, पण वरिष्ठांना सांगू नये, असेच मी म्हणेन.

दवाखान्यातून

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. येथे कोणाचे निदान करता येणार नाही, परंतु प्रश्न चांगला मांडला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे आपण म्हणतो, म्हणजे ती तारीख नेहमी मागे वळून पाहतानाच कळते. बहुतेक स्त्रियांत ती ४५ ते ५५ या वयात येते. त्याआधीचा संक्रमणकाळ साधारण चार वर्षांचा असतो, पण त्याहून बराच लहान किंवा मोठाही असू शकतो. या काळात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची पातळी उतारावरून घसरावी तशी एकसारखी खाली येत नाही. ती हेलकावे खाते. ताळेबंद यांना जे होते आहे ते या हेलकाव्यांशी जुळणारे आहे. ४५ वर्षांनंतर अशी लक्षणे असतील तर निदानासाठी हार्मोन्सच्या महागड्या तपासण्यांची सहसा गरज नसते, कारण आज आलेला आकडा पुढच्या आठवड्यात वेगळा असू शकतो. मात्र हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉईड तपासावेत, कारण थायरॉईडचा विकार आणि पंडुरोग (म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणे) ही दोन्ही दुखणी रजोनिवृत्तीच्या नावाखाली वर्षानुवर्षे लपून राहतात. दहा दिवसांच्या रक्तस्रावासाठी सोनोग्राफी करावी आणि डॉक्टरांनी सुचवले तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडाही तपासून घ्यावा. रात्रपाळी यांनी त्या वाक्यापाशी थांबायला लावले हे अगदी योग्य केले.

आता वाफांविषयी. शरीराचे तापमान एका ठरावीक पट्ट्यात ठेवण्याचे काम मेंदूतील हायपोथॅलॅमस करतो. इस्ट्रोजेन कमी झाले की तेथील काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि हा पट्टा अरुंद होतो. एरवी ज्या किरकोळ बदलाची शरीराने दखलही घेतली नसती, त्यावर ते 'फार तापलो' अशी ओरड करते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. म्हणून गरम पेय, बंद खोली, अंगाला चिकटणारे कृत्रिम धाग्याचे कपडे आणि लेखापरीक्षकांसमोरचा ताण या साऱ्यांचा परिणाम एकच होतो. ताळेबंद यांना शब्द न आठवणे आणि घाम फुटणे एकाच क्षणी घडले, याचे नवल वाटायला नको.

विसरण्याबद्दल एक दिलासा देण्याजोगी माहिती आहे. अमेरिकेत 'स्वान' या नावाने ओळखला जाणारा, मध्यमवयीन स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास आहे. त्यातील २००९च्या निष्कर्षांनुसार, स्मरणशक्तीच्या चाचण्या पुन्हा पुन्हा दिल्यावर सरावाने जी सुधारणा व्हायला हवी ती संक्रमणकाळात मंदावते, आणि रजोनिवृत्तीनंतर तो वेग पुन्हा पूर्वपदावर येतो. नेमका शब्द न सापडणे ही या काळातली अगदी नेहमीची तक्रार आहे आणि तिचा अर्थ स्मृतिभ्रंश सुरू झाला असा होत नाही.

दिलासा न देणारी माहितीही सांगायला हवी. त्याच अभ्यासाचे २०१५चे निष्कर्ष सांगतात की ज्यांना वारंवार वाफा येतात त्यांपैकी निम्म्या स्त्रियांत हा त्रास सात वर्षांहून अधिक टिकतो, आणि पाळी सुरू असतानाच ज्यांना तो सुरू होतो त्यांच्यात आणखी लांबतो. त्यामुळे 'दोन वर्षे दात-ओठ खाऊन काढा' हा सल्ला मी देत नाही. उपचार घ्या.

वाफांवर सर्वांत परिणामकारक उपचार हार्मोन्सचाच आहे. त्याविषयीची भीती मुख्यतः २००२ सालची. अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या चाचणीचा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन्स एकत्र देण्याचा भाग त्या वर्षी मुदतीआधी थांबवला गेला, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण किंचित वाढलेले दिसले. जगभर स्त्रियांनी गोळ्या फेकून दिल्या आणि डॉक्टरांनी त्या लिहिणे सोडले. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मात्र मथळ्यांत आली नाही. पुढील विश्लेषणांतून आज सर्वसाधारण मत असे आहे की ६० वर्षांच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांसाठी फायदा धोक्याहून अधिक असतो. गर्भाशय असेल तर त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टिन ज्या गटात मोडते ते हार्मोन) घ्यावेच लागते. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा रक्तस्रावाचे कारण अजून समजलेले नसेल, तर हा मार्ग सहसा बंद असतो. अशांसाठी इतर औषधे आहेत. त्यांपैकी फेझोलिनेटंट हे, वर सांगितलेल्या चेतापेशींवरच काम करणारे, हार्मोन नसलेले औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये संमत झाले. ते घेताना यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात.

औषधांखेरीज आणखी एक गोष्ट नोकरी करणाऱ्यांसाठी विशेष उपयोगाची आहे. ब्रिटनमध्ये आठ संस्थांतील १२४ नोकरदार स्त्रियांवर केलेली एक चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्या स्त्रियांना विचार-वर्तन उपचारपद्धतीवर आधारलेली, घरी स्वतःच वाचून करायची पुस्तिका चार आठवड्यांसाठी दिली होती. वाफांचा जाच त्यांना इतरांपेक्षा कमी वाटू लागला आणि झोपही सुधारली. वाफ आली की 'आता सगळ्यांना कळणार, मी मूर्ख दिसणार' हा जो विचार सुसाट धावतो, तो ओळखायचा आणि श्वास संथ करायचा, एवढेच त्याचे सार आहे. हे ऐकायला साधे वाटते, पण करायला सराव लागतो.

राजीनाम्याविषयी मत देणे हा माझा प्रांत नाही. पण माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांना मी इतके नक्की सांगतो की ज्या महिन्यात सलग चार तास झोप मिळालेली नाही, त्या महिन्यात सही करू नका.

पुनरारंभ

मी सही केली होती, म्हणून लिहिते.

वयाच्या ४९व्या वर्षी मी एका प्रकाशनसंस्थेतील संपादकाचे काम सोडले. कारण विचारले तेव्हा 'आता स्वतःला वेळ द्यायचा आहे' असे सांगितले आणि निरोपसमारंभात सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. खरे कारण असे होते की मी मुद्रिते वाचताना एकच ओळ चार-चार वेळा वाचत होते, दुपारी तीननंतर डोळे उघडे ठेवता येत नव्हते आणि एका हस्तलिखिताचे संपूर्ण प्रकरण माझ्या नजरेतून सुटले होते. डॉक्टरकडे मी गेलेच नव्हते. हा आजार आहे असेच वाटले नव्हते. वाटले होते की मी संपले.

बावन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या वाफा आपोआप कमी झाल्या आणि झोप परत आली. डॉक्टरांचे वाचून कळते की मी त्यातली नशीबवान निघाले. काम करायची उमेद परत आली तेव्हा मात्र जागा परत आली नाही. आज मी त्याच क्षेत्रात सुटी कामे घेते, पूर्वी ज्यांचे काम मी तपासत असे त्यांच्याकडून, आणि पूर्वीच्या पगाराच्या जवळपासही पोहोचत नाही.

नॉर्वे आणि स्वीडनमधील नोंदींवर आधारित एक संशोधन मध्यंतरी माझ्या वाचनात आले. रजोनिवृत्तीसंबंधी निदान झालेल्या स्त्रियांची कमाई पुढील चार वर्षांत सरासरी ४.३ टक्क्यांनी घटते आणि चौथ्या वर्षी ही घट १० टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यात दिसले. काहींनी कामाचे तास कमी केले, काहींनी कामच सोडले. यात ज्या डॉक्टरकडे गेल्या त्याच स्त्रिया मोजल्या गेल्या आहेत, म्हणजे त्रास जास्त असलेल्या. सगळ्यांना हा आकडा लावता येणार नाही, हे सरळरेषा यांच्या म्हणण्याच्या बाजूने जाते. पण मी त्या दहा टक्क्यांतली नाही, मी त्याहून बरीच खाली घसरले, आणि माझी नोंद कुठल्याच वहीत नाही.

सोडणे चूकच असते असे मी म्हणत नाही. ज्यांना काम मुळातच नकोसे झाले आहे त्यांनी खुशाल सोडावे. तुमच्या लिहिण्यातून मला तसे वाटले नाही. तुम्हाला काम नकोसे झालेले नाही, तुम्हाला त्या खोलीत पुन्हा घाम फुटण्याची धास्ती वाटते आहे.

ताळेबंद

सर्वांचे आभार. शेवटच्या वाक्याने मला बराच वेळ गप्प बसवले. कालपासून वही सुरू केली आहे आणि डॉक्टरांची वेळही घेतली आहे. पण सांगावे की सांगू नये, या मुद्द्यावर येथे दोन मते दिसतात. सरळरेषा यांची भीती मला निराधार वाटत नाही. आमच्याकडे मागे एका सहकारी स्त्रीने हे सांगितल्यावर 'मॅडमचा मूड कसा आहे ते बघून फाइल न्या' असा विनोद वर्षभर चालला होता, आणि त्या विनोदावर मीही एकदा हसले होते.

हजेरीपट

मी पुरुष आहे आणि मनुष्यबळ विभागात १५ वर्षे काम करतो, म्हणजे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो आहे.

सरळरेषा यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. त्रास सर्वांना सारखा नसतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ४५ ते ६० वयाच्या ४,४४० नोकरदार स्त्रियांची पाहणी करून २०२३ मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात सुमारे १३ टक्के स्त्रियांनी या लक्षणांमुळे कामावर काहीतरी विपरीत परिणाम झाल्याचे सांगितले आणि सुमारे ११ टक्के स्त्रियांनी वर्षभरात रजा घ्यावी लागल्याचे सांगितले. म्हणजे बहुसंख्य स्त्रियांचे काम अडत नाही. पण लक्षणे जितकी तीव्र, तितका कामावरचा परिणाम मोठा होता, आणि बुडालेल्या दिवसांचा एकूण खर्च त्या देशासाठी वर्षाला १.८ अब्ज डॉलर इतका काढला गेला. माझ्या वरिष्ठांना माणुसकीची भाषा समजली नाही तेव्हा मी हाच आकडा दाखवला होता.

उरलेले अर्धे मला मान्य नाही. न सांगितल्याने संशय टळत नाही. त्याला दुसरे नाव मिळते. पन्नाशीची अनुभवी कर्मचारी बैठका टाळू लागली, पदोन्नतीला नकार देऊ लागली, वारंवार उठून बाहेर जाऊ लागली, की तिच्या मूल्यमापनात 'उत्साह कमी झाला' असे लिहिले जाते. हे वाक्य मी स्वतः लिहिले आहे. कारण कळले असते तर लिहिले नसते, असे आज म्हणणे सोपे आहे. पण मी विचारलेही नव्हते.

त्यामुळे काय सांगावे आणि काय नाही, यात माझ्या मते मधला मार्ग आहे. वरिष्ठांना शरीराचा इतिहास ऐकवण्याची गरज नाही. 'वैद्यकीय कारणामुळे सध्या माझी झोप नीट होत नाही, उपचार सुरू आहेत, पुढील सहा महिने मला अमुक बदल हवे आहेत' इतके पुरते. बदल मोजके आणि नेमके असावेत. महत्त्वाच्या बैठका सकाळी ठेवणे, दीड तासानंतर दहा मिनिटांची विश्रांती, बसण्याची जागा खिडकीजवळ किंवा पंख्याखाली, आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम किंवा उशिरा येण्याची मुभा. मागणी लेखी द्यावी आणि तिला मुदत घालावी, कारण 'सहा महिने' म्हटले की मंजूर करणाऱ्याचा हात हलका होतो. अनुभवाची गोष्ट म्हणून सांगतो, 'मला त्रास होतो' या अर्जावर फाइल फिरत राहते, 'माझी जागा तिसऱ्या टेबलावर हलवा' या अर्जावर शिपाई टेबल हलवतो.

ज्यांचे काम टेबलावरचे नाही त्यांच्यासाठी हे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. रात्रपाळी यांना तीन अर्ज करावे लागले, आणि कारखान्यात, वर्गात किंवा वाहनाच्या चाकामागे बसणारीला मनात आले तेव्हा उठता येत नाही. तेथे बदली माणूस, जवळचे स्वच्छतागृह आणि सुती गणवेश याच खऱ्या सवलती असतात. धोरणाच्या सुबक पुस्तिका बहुधा कार्यालयात बसणाऱ्यांनी कार्यालयात बसणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात.

कायद्याकडे पाहिले तर जगात अजून चाचपडणेच चालले आहे. ब्रिटनमध्ये संसदेच्या एका समितीने २०२२ मध्ये रजोनिवृत्तीच्या रजेचा प्रयोग करून पाहावा अशी शिफारस केली होती; जानेवारी २०२३ मध्ये तेथील सरकारने ती नाकारली. मात्र कार्यस्थळावरील रजोनिवृत्तीविषयी एक मानक तेथे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०२४ मध्ये समानता आयोगाने मालकांना बजावले की या लक्षणांचा दैनंदिन जीवनावर दीर्घकाळ मोठा परिणाम होत असेल, तर २०१० च्या समानता कायद्याखाली ते अपंगत्व ठरू शकते आणि मग वाजवी बदल करून देणे मालकावर बंधनकारक होते. वेगळ्या रजेविषयी मी स्वतः साशंक आहे. रजेचे नावच ते असेल तर ती घेताना प्रत्येक वेळी जाहीर घोषणा होते, आणि सरळरेषा ज्या शिक्क्याला घाबरतात तो तेथेच बसतो. साध्या आजारपणाच्या रजेत ही कारणे विनाचौकशी धरली जावीत, हे मला अधिक बरे वाटते.

शेवटी तुमच्या विनोदाविषयी. ज्या वरिष्ठाच्या कानावर तो विनोद वर्षभर पडत होता आणि ज्याने तो एकदाही थांबवला नाही, त्याच्यापुढे मात्र मोजकेच बोला आणि लेखीच बोला.

सरळरेषा

'वैद्यकीय कारण' इतकेच सांगायचे असेल तर माझी हरकत नाही. माझा आक्षेप सांगण्यावर होता, मागण्यावर नव्हता. मूल्यमापनातले ते वाक्य कबूल केल्याबद्दल मात्र तुमचे आभार. माझ्या एका मैत्रिणीच्या अहवालात जवळजवळ तेच शब्द आहेत.

ताळेबंद

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, क्षमस्व.

हिमोग्लोबिन ९.२ निघाले आणि लोहाचा साठा अगदीच तळाला होता. सोनोग्राफीत गर्भाशयात एक लहान गाठ दिसली. अस्तराच्या तपासणीत काळजी करण्यासारखे काही आले नाही. रक्तस्रावासाठी आणि लोहासाठी उपचार सुरू झाले आहेत. वाफांसाठी हार्मोन्स घ्यावेत की नाही, हे पुढच्या भेटीत ठरेल; २००२ आणि सरासरी वय ६३ यांबद्दल मी डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढून अर्धा तास समजावले.

वहीतल्या चौथ्या रकान्यात पाच आठवड्यांत दोन चुका आहेत. त्यांतली एक माझ्या सहायकाची निघाली. वाफांच्या नोंदी जुळवून पाहिल्या तर सर्वाधिक दुपारी दोन ते चारच्या दरम्यान आणि बहुतेक त्या एकाच बिनखिडकीच्या बैठकखोलीत आल्या होत्या.

वरिष्ठांना अर्धे पान लिहून दिले. त्यांनी ते वाचले, 'सकाळी दहा चालेल ना?' इतकेच विचारले आणि लेखापरीक्षणाच्या पुढच्या सर्व बैठका सकाळी घेतल्या. कारण विचारले नाही. ते समजून विचारले नाही की संकोचाने, हे मला सांगता येत नाही. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाची मुदत मी जाऊ दिली. पुढच्या वर्षी पुन्हा योजना आली तर झोप झालेल्या डोक्याने विचार करीन. बैठकखोली बदलण्याचा अर्ज मात्र प्रशासनाकडे पडून आहे, त्यामुळे तूर्त आम्ही दार उघडे ठेवून बसतो आणि बाहेरच्या छपाईयंत्राच्या आवाजावर सगळे कुरकुर करतात.